फोनच्या किमतीत पेटंटचा वाटा किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गणपतीला चाकरमानी गावी यायच्या सुमारास कोकणातल्या मोबाइलच्या दुकानांत गर्दी वाढते, आणि आमच्याकडे येणारे प्रश्नही वाढतात. या खेपेचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात : फोन-टॅबलेटच्या कंपन्या पेटंटवरून एकमेकींना कोर्टात खेचतात, त्याचा गिऱ्हाइकाशी, दुकानदाराशी, कारागिराशी संबंध काय?

प्रश्न (मोबाइल दुकानदार, चिपळूण) : पेटंटच्या खटल्यांत शेकडो कोटींची भरपाई द्यावी लागते असे वाचतो. हा पैसा शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो ना? एका फोनमागे तो किती धरायचा?

जातो, पण बातमीतला आकडा पाहून वाटतो तेवढा नाही. कोर्टाने ठरवलेली भरपाई ही आधीच विकल्या गेलेल्या फोनांची असते. ती कंपनीच्या तिजोरीतून जाते. नव्या फोनच्या किमतीत शिरते ती रॉयल्टी, म्हणजे दर नगामागे पेटंटधारकाला द्यायची रक्कम.

आपल्याकडचे सर्वांत उपयोगी उदाहरण एरिक्सन (स्वीडनची दूरसंचार कंपनी) विरुद्ध लावा (भारतीय फोन कंपनी) या खटल्याचे. दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2024 रोजी लावाला सुमारे 244 कोटी रुपये भरायला सांगितले. आवाजाचे कोडिंग, एज (2जीवरचे जलद इंटरनेट) आणि 3जी यांची आठ पेटंट त्यात होती. त्यांतले एक कोर्टाने रद्द केले, सात टिकली. रॉयल्टीचा दर धरला तो फोनच्या निव्वळ विक्री किमतीच्या 1.05 टक्के.

आता तुमच्या काउंटरवरचा 11,800 रुपयांचा फोन घ्या. त्यात 18 टक्के जीएसटीचे 1,800 रुपये आहेत, उरले 10,000. तुमचा आणि डिस्ट्रिब्युटरचा मिळून 1,000 रुपये नफा धरला, तर कंपनीच्या हाती 9,000 पडतात. त्यावर 1.05 टक्के म्हणजे 94 रुपये 50 पैसे, तेही एकाच पेटंटधारकाचे. आजच्या 5जी फोनला असे अनेक धारक असतात. त्यांनी जाहीर केलेले दर असे : क्वालकॉम 3.25 टक्के, मात्र फोनची किंमत जास्तीत जास्त 400 डॉलर धरून. एरिक्सन अडीच ते पाच डॉलर. नोकिया जास्तीत जास्त 3 युरो. ह्वावे जास्तीत जास्त अडीच डॉलर. डॉलर 85 आणि युरो 100 रुपयांना धरून, एरिक्सनचा खालचा दर घेतला, तरी या चौघांचेच 1,000 रुपयांच्या वर जातात.

प्रत्यक्षात कोणीही मोठी कंपनी एवढे भरत नाही. जाहीर दर म्हणजे बोलणी सुरू करण्याचा आकडा. ज्याच्याकडे स्वतःची पेटंट आहेत तो अदलाबदल करतो आणि फरकाचीच रक्कम देतो. ज्याची विक्री कोट्यवधी नगांची आहे त्याला एकरकमी सौदा मिळतो. हातात पेटंट नसलेला, नग थोडे विकणारा भारतीय उत्पादक मात्र जवळजवळ पूर्ण दराला सापडतो. मायक्रोमॅक्स, इंटेक्स, लावा या तिघांवर एरिक्सनने दावे लावले त्यामागे हीच विषम स्थिती होती. आमच्या मते या सगळ्या व्यवहारातली सर्वांत खटकणारी गोष्ट दर नव्हे, गुप्तता आहे. प्रत्येक लायसन्सचा करार गोपनीय. शेजारच्या कंपनीला काय दर लावला हे कळल्याशिवाय आपल्याला लावलेला दर रास्त आहे का, हे लहान उत्पादकाने ओळखायचे कसे? कोर्टात गेल्यावरच ते करार उघडतात, आणि तेही बंद पाकिटात.

दुसरा वाद आहे टक्केवारी कशावर मोजायची याचा. लावाचे म्हणणे होते की पेटंटचे तंत्र चिपसेटमध्ये, म्हणजे फोनच्या मुख्य चिपमध्ये, आहे, तर चिपसेटच्या किमतीवर मोजा. चिपसेट 800 रुपयांचा धरला तर 1.05 टक्क्याने 8 रुपये 40 पैसे होतात, फोनवर मोजले तर 94 रुपये 50 पैसे. कोर्टाने अख्खा फोन धरला. बाकीचे परवानाधारकही तसेच भरतात आणि हे तंत्र एकट्या चिपमध्ये संपत नाही, असा त्यामागचा विचार. तरी एक अडचण राहतेच. नेटवर्कचा भाग तोच ठेवून फोनला चांगला कॅमेरा आणि जास्त मेमरी लावून त्याची निव्वळ किंमत 18,000 केली की रॉयल्टी 189 होते. कॅमेऱ्यात एरिक्सनचे काय? म्हणून नगामागे ठरावीक रक्कम किंवा किमतीला वरची मर्यादा, हीच पद्धत आम्हाला जास्त न्याय्य वाटते.

मायक्रोमॅक्स आणि इंटेक्स यांनी या दरांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडेही (बाजारातली स्पर्धा रास्त राहते का हे पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे) तक्रार केली होती. जुलै 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने अशा बाबतीत पेटंट कायदाच लागू होतो, आयोगाने चौकशी करायची नाही, असे ठरवले. लहान कंपन्यांचा एक दरवाजा तिथे बंद झाला.

दुकानदार म्हणून तुम्हाला रॉयल्टी भरायची नसते, ती उत्पादक किंवा आयातदार भरतो. कोणी पुरवठादार बिलात पेटंटच्या नावाने वेगळी ओळ घालत असेल तर ती मान्य करू नका.

प्रश्न (शिक्षिका, सावंतवाडी) : माझ्या फोनची कंपनी खटला हरली आणि विक्रीवर बंदी आली, तर माझा फोन बंद पडेल का?

नाही. मनाई हुकूम बनवणे, आयात करणे आणि विकणे यांवर येतो. विकला गेलेला फोन चालूच राहतो.

डिसेंबर 2014 मध्ये दिल्ली हायकोर्टाने एरिक्सनच्या दाव्यात शाओमीची विक्री थांबवली होती. आठवडाभरात खंडपीठाने क्वालकॉमच्या चिपचे फोन विकायला परवानगी दिली, पण दर फोनमागे 100 रुपये कोर्टात जमा करण्याच्या अटीवर. मीडियाटेकच्या चिपचे फोन अडकून राहिले. ज्यांनी ते आधीच घेतले होते त्यांचे काहीच बिघडले नाही. जर्मनीत 2022 साली नोकियाकडून हरल्यावर ओप्पो आणि वनप्लस यांनी तिथली विक्री थांबवली. जानेवारी 2024 मध्ये समझोता होऊन ती परत सुरू झाली.

खरा धोका सुट्या भागांचा आहे. विक्रीबंदी लांबली की कंपनी त्या मॉडेलचा साठा कमी ठेवते, आणि वर्षभराने डिस्प्ले मिळायला वेळ लागतो. ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर सावंतवाडी-कुडाळच्या टापूत किंवा फार तर पणजीत आहे तिचाच फोन घ्या. खटल्यांच्या बातम्यांपेक्षा हे पाहणे जास्त गरजेचे.

प्रश्न (बारावीचा विद्यार्थी, रत्नागिरी) : ॲपलने सॅमसंगवर गोल कोपऱ्यांसाठी केस केली होती हे खरे का? कोपऱ्याचे पेटंट कसे मिळते?

खरे आहे, पण तो खटला फक्त कोपऱ्यांचा नव्हता. एप्रिल 2011 मध्ये सुरू झालेल्या त्या दाव्यात दोन प्रकारचे हक्क होते. एक, तंत्राचे पेटंट : उदाहरणार्थ, यादी शेवटापर्यंत सरकवली की ती उसळी मारून मागे येते, ते. दुसरे, दिसण्याचे पेटंट : पुढचा काळा सपाट चेहरा, गोल कोपरे, चिन्हांची मांडणी. ऑगस्ट 2012 मध्ये ज्युरीने सुमारे 105 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. तिथून सहा वर्षे अपिले चालली. डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितले की डिझाइनच्या भरपाईसाठी अख्ख्या फोनचाच नफा धरला पाहिजे असे नाही, त्यातला एखादा भागही 'वस्तू' ठरू शकतो. त्यानंतर मे 2018 मध्ये नव्या ज्युरीने 53.9 कोटी डॉलर ठरवले. त्यांतले 53.3 कोटी डिझाइनचे होते, तंत्राच्या पेटंटचे जेमतेम 53 लाख. पुढच्याच महिन्यात दोघांनी समझोता केला.

टॅबलेटचे भांडण युरोपात जास्त पेटले. 2011 मध्ये जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फ कोर्टाने गॅलेक्सी टॅब 10.1 ची विक्री थांबवली. त्याच वादात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी 2012 मध्ये उलट निकाल दिला : सॅमसंगच्या टॅबलेटला आयपॅडचा तो डौल नाही, त्यामुळे कोणी फसणार नाही. एकच वस्तू, दोन देश, दोन निकाल. डिझाइनचा हक्क दोन्हीकडे तोच, युरोपीय संघाचा होता, पण सारखेपणा प्रत्येक कोर्टाने आपापल्या नजरेने जोखला. पेटंट मात्र देशापुरते असते. अमेरिकेत मिळालेले पेटंट रत्नागिरीत चालत नाही, इथे वेगळा अर्ज लागतो.

भारतात दिसण्याच्या हक्काला पेटंट म्हणतच नाहीत. त्यासाठी डिझाइन कायदा, 2000 आहे. नोंदणी 10 वर्षांची, ती आणखी 5 वर्षे वाढवता येते.

प्रश्न (निवृत्त दूरसंचार कर्मचारी, दापोली) : पेटंट 20 वर्षांनी संपते. मग 2जी-3जीची पेटंट संपल्यावर फोन स्वस्त व्हायला हवे होते ना?

साधे कीपॅडवाले फोन स्वस्त झाले त्याला हेही एक कारण आहे. पण पेटंटची मुदत अर्ज दाखल केलेल्या तारखेपासून मोजतात, आणि प्रत्येक पिढीत सुधारणांवर नवे अर्ज पडत राहतात. 4जीचा पहिला आराखडा 2008 च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे त्या काळातले अर्ज 2028 च्या आसपास संपतील, नंतरच्या सुधारणांचे त्याहून उशिरा. शिवाय 5जी फोनलाही 4जी यावेच लागते. दापोलीहून हर्णैकडे जाताना 5जी सुटले की फोन 4जीवर उतरतो, तेव्हा दोन्ही पिढ्यांची पेटंट वापरात असतात.

एमपी3 चे उदाहरण स्वच्छ आहे. त्याचा लायसन्सचा कार्यक्रम एप्रिल 2017 मध्ये बंद झाला, आता ते तंत्र कोणीही फुकट वापरू शकतो. फोनच्या किमतीत मात्र त्याने फरक जाणवला नाही, कारण ती रक्कमच नगण्य होती.

प्रश्न (खेड) : भाऊ मस्कतला असतो. येताना घरच्यांसाठी फोन घेऊन येतो. आता चार लोक 'आमच्यासाठीही आण' म्हणतात. हा पेटंटचा भंग होतो का? आणि तिकडचा फोन इथे नीट चालतो का?

पेटंटच्या बाजूने निर्धास्त राहा. पेटंट कायद्याच्या कलम 48 मध्ये आयात हा पेटंटधारकाचा हक्क आहे, पण कलम 107अ मध्ये त्याला मोठा अपवाद आहे : ज्याला वस्तू बनवण्याचा आणि विकण्याचा कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडून घेतलेली वस्तू आयात केली तर तो भंग धरला जात नाही. मस्कतच्या अधिकृत दुकानातला सीलबंद फोन या अपवादात बसतो. रॉयल्टी त्याच्यावर एकदा भरलेली असते.

अडचण येते ती दुसरीकडून. घरच्यांसाठी एखादा फोन सामानातून आणणे वेगळे आणि विकण्यासाठी दहा आणणे वेगळे. विक्रीसाठी आणलेला माल प्रवासी सामानात बसत नाही. त्याला पूर्ण आयात शुल्क लागते, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) सरकारी पोर्टलवर आधी नोंदवावे लागतात आणि खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि एमआरपी छापावी लागते. हे काही न करता चार लोकांना नफ्याने विकले तर कस्टम्सचा गुन्हा होतो, तिथे पेटंटचा अपवाद उपयोगी पडत नाही. प्रवाशासाठी शुल्कमाफीची मर्यादा निघण्याच्या दिवशी कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि मूळ बिल हातातल्या बॅगेत ठेवा.

आता फोन चालण्याबद्दल. भावाला फोन घेतानाच या गोष्टी बघायला सांगा.

सॅमसंगच्या काही फोनांना प्रदेशाचे कुलूप असते. ज्या प्रदेशासाठी फोन बनला तिथल्या सिमवरून सुरुवातीला पाच मिनिटांहून मोठा कॉल झाल्याशिवाय तो दुसऱ्या प्रदेशाचे सिम स्वीकारत नाही. तेव्हा खोके तिथेच फोडून ओमानच्या सिमवरून बोलून घ्यायचे, मग आणायचा. सीलबंद आणण्याच्या हौसेपायी लोक इथे अडकतात.

बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे ठरावीक पट्टे, तपासा. जिओचे 4जी बँड 3, 5 आणि 40 वर चालते, 5जी एन28 आणि एन78 वर. आपल्या डोंगराळ भागात बँड 5 आणि एन28 हे कमी फ्रिक्वेन्सीचे बँड महत्त्वाचे. त्यांची लहर लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून आत शिरते. हे नसले तर खेडच्या बाजारपेठेत फोन छान चालेल आणि वाडीत घरात शिरल्यावर रेंज जाईल. जिओचे 5जी स्वतंत्र पद्धतीचे, म्हणजे 4जीच्या आधाराशिवाय चालणारे आहे, तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये ते भारतासाठी सुरू केलेले आहे का, हेही विचारा.

वॉरंटी बहुतेक अँड्रॉइड कंपन्यांची प्रदेशापुरतीच असते. आयफोनची आंतरराष्ट्रीय असली, तरी मॉडेल भारतात विकले जात नसेल तर भाग मिळताना अडते. अमेरिकेतून येणारा आयफोन 14 किंवा त्यापुढचा असेल तर त्यात सिमची खाचच नसते, फक्त ई-सिम. आखाती चार्जरची पिन आपल्या बोर्डात बसत नाही हे तर बहुतेकांना ठाऊकच आहे.

कोणाकडूनही वापरलेला फोन घेताना \*#06# दाबून आयएमईआय पाहा. मग रोमन लिपीत 'केवायएम', एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल किंवा तोच आयएमईआय दुसरीकडे वापरात असेल तर उत्तरात कळते.

प्रश्न (मोबाइल दुरुस्ती कारागीर, कुडाळ) : आम्ही बाजारातले कॉपी फोल्डर (कंपनीचा नसलेला काच-डिस्प्लेचा जोड) बसवतो. कंपनी आमच्यावर पेटंटची केस करू शकते का? बिलावर काय लिहावे?

फोन दुरुस्त करणे हा पेटंटचा भंग आहे असे भारतात कोणी सहसा म्हणत नाही. विकलेल्या फोनवरचा पेटंटधारकाचा हक्क विक्रीबरोबर संपतो, तो चालू स्थितीत ठेवणे मालकाचा अधिकार आहे. पण सुटा भाग स्वतःच पेटंटखाली असेल आणि तो विनापरवाना बनवलेला असेल, तर तो विकणारा कायद्याने सुटत नाही, कारण 'विकणे' हाही कलम 48 मधला हक्क आहे. व्यवहारात दावे बनवणाऱ्यावर आणि आयातदारावर होतात. कलम 111 प्रमाणे, पेटंटची माहिती नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते हे सिद्ध केले तर नुकसानभरपाई माफ होते. विक्री थांबवण्याचा आदेश मात्र येऊ शकतो.

तुमचा खरा धोका ट्रेडमार्कचा आहे. फोल्डरच्या फ्लेक्सवर (जोडणीच्या पातळ पट्टीवर), बॅटरीवर किंवा बॅक पॅनेलवर कंपनीचा बनावट लोगो असेल आणि तो तुम्ही ओरिजिनल म्हणून विकलात, तर ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 103 आणि 104 खाली गुन्हा होतो. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. झडती आणि जप्तीला पोलिस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, त्याला आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचे मत घ्यावे लागते. कोणी साधा माणूस कंपनीचे ओळखपत्र दाखवून माल उचलू लागला, तर ही दोन्ही विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बिलावर कंपनीचे नाव लिहायला बंदी नाही. कलम 30 प्रमाणे, भाग कोणत्या फोनला बसतो हे सांगण्यापुरते नाव वापरता येते. म्हणून 'अमुक मॉडेलसाठी कॉम्पॅटिबल डिस्प्ले, इनसेल एलसीडी' असे लिहा. 'ओरिजिनल' हा शब्द फक्त कंपनीच्या सर्व्हिस पॅकसाठी, म्हणजे तिनेच पुरवलेल्या सुट्या भागासाठी, राखून ठेवा. वॉरंटी किती दिवसांची आणि कशाची, टच की लाइन की पाण्याने खराबी, हेही त्याच ओळीत.

गिऱ्हाइकाला बसवण्याआधी सांगायची एक गोष्ट बहुतेक कारागीर विसरतात आणि मग भांडण होते. ज्या फोनमध्ये फिंगरप्रिंट डिस्प्लेखाली आहे आणि तो ऑप्टिकल प्रकारचा आहे, त्याला एलसीडीचा कॉपी फोल्डर लावला की फिंगरप्रिंट बंद पडतो. ओलेडच्या पॅनेलमधून प्रकाश आरपार सेन्सरपर्यंत जातो. एलसीडीच्या पाठीमागे बॅकलाइटचा थर असतो, तो त्याला अडवतो. सेन्सर खराब झालेला नसतो. नव्या आयफोनमध्ये डिस्प्ले, बॅटरी किंवा कॅमेरा बदलला की सेटिंग्जमध्ये अनोळखी भागाची सूचना येते. भाग आणि बोर्ड यांची जोडी कंपनीच्या सॉफ्टवेअरने बांधलेली असते त्यामुळे हे होते. हे पेटंटने होत नाही, पण दुरुस्तीचा बाजार आपल्याच हातात ठेवण्यासाठी पेटंटपेक्षा हे कुलूप जास्त घट्ट बसते. किंमत तिथेच फुगते, आणि त्याविरुद्ध ग्राहकांनी आणि कारागिरांनी मिळून बोलायला हवे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याचे दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल डिसेंबर 2022 पासून सुरू आहे. कोणती कंपनी कोणते भाग आणि मॅन्युअल देते हे तिथे पाहता येते.

बॅटरीच्या बाबतीत तडजोड करू नका. तिच्यावर आयएस 16046 (बॅटरीच्या सुरक्षेचे भारतीय मानक) आणि बीआयएसचा आर-क्रमांक हवा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत सुमार सेल लवकर फुगतात असे गिऱ्हाइके सांगतात. हवा हेच एकमेव कारण नसते : निकृष्ट सेलमध्ये संरक्षण सर्किट नसते आणि तो जास्त चार्ज होत राहतो.

प्रश्न (अलिबाग) : मुलीसाठी टॅबलेट घ्यायचा आहे. सिमवाले मॉडेल वायफायवाल्यापेक्षा बरेच महाग आहे. हा फरक रॉयल्टीचा का?

थोडा रॉयल्टीचा, थोडा मोडेम, अँटेना आणि फिल्टर यांचा, आणि बराचसा 'ज्याला गरज आहे तो देईल' या हिशोबाचा. 2010 मध्ये पहिला आयपॅड वायफायमध्ये 499 डॉलरला आणि 3जीसह 629 डॉलरला आला, म्हणजे 130 डॉलरचा फरक. त्यातला भागांचा आणि रॉयल्टीचा खर्च मिळूनही तेवढा नव्हता.

मोबाइल नेटवर्कची पेटंट टाळता येत नाहीत, हेही इथेच सांगतो. गावात जायला एकच पाखाडी असावी आणि ती एकाच्या खाजगी जागेतून जावी, तशी ही 'मानकासाठी आवश्यक' पेटंट असतात. वाट अडवायची नाही, रास्त आणि भेदभाव न करता मोबदला घ्यायचा, असे वचन त्यांच्या धारकांनी मानक ठरवणाऱ्या संस्थेला दिलेले असते. सगळे खटले शेवटी 'रास्त' म्हणजे किती, यावरच होतात. वायफायचीही अशी पेटंट आहेत, पण त्यांची रॉयल्टी बरीच कमी.

मुलगी घरी आणि शाळेतच वापरणार असेल तर वायफायवाला घ्या आणि फोनच्या हॉटस्पॉटवर चालवा. एक गोष्ट मात्र आधी पाहा : काही वायफाय टॅबलेटमध्ये जीपीएस नसते.

प्रश्न (आंबा बागायतदार, देवगड) : हापूसच्या पेटीत ठेवायचे एक छोटे यंत्र मुलाने बनवले आहे. ते आतले तापमान आणि इथिलीन (फळ पिकवणारा वायू) मोजते, आणि आंबा किती दिवसांत पिकेल ते फोनवरच्या ॲपमध्ये दाखवते. पेटंट मिळेल का? खर्च किती?

मिळू शकेल, पण कशाचे, हे नीट ठरवले तर. तीन अडसर आहेत. कायद्याच्या कलम 3(के) प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, त्यामुळे ॲप एकटे चालणार नाही. 3(एन) प्रमाणे नुसती माहिती दाखवणे चालणार नाही. आणि 3(एच) प्रमाणे शेती किंवा बागायतीची पद्धत चालत नाही. तेव्हा अर्जात 'आंबा पिकवण्याची पद्धत' असे शब्द घालून आपणच आपली वाट बंद करू नका. यंत्र पुढे ठेवा : सेन्सर पेटीत कुठे बसतो, पेंढ्यातल्या ओलाव्यापासून त्याचा बचाव कसा होतो, दोन मापांची सांगड घालून चूक कशी कमी होते. दिल्ली हायकोर्टाने 2019 मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की संगणकावर आधारलेल्या शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर तो केवळ प्रोग्राम म्हणून नाकारता येत नाही. तुमच्या मुलाचा मुद्दा तोच असायला हवा, आणि तो मोजमापांनी दाखवायला हवा : यंत्राशिवाय अंदाज किती दिवस चुकतो, यंत्राने किती.

पहिले काम, तोंड बंद ठेवणे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, कृषी प्रदर्शनात मांडला किंवा दहा पेट्या विकल्या की शोध नवा राहत नाही. प्रदर्शनासाठी 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच. गावातल्या महोत्सवाला नाही.

दुसरे, शोधाशोध. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर इनपास ही फुकट शोधसुविधा आहे. फळ, इथिलीन, सेन्सर, पक्वता असे शब्द बदलून बदलून शोधा. फळांसाठी इथिलीन सेन्सर जगात आधीच आहेत. त्यामुळे तुमचे वेगळेपण पेटीत आणि सांगड घालण्यातच सापडेल.

तिसरे, तात्पुरता अर्ज. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्तीसाठी शुल्क 1,600 रुपये, त्यात 30 पाने आणि 10 दावे (शोधातले नेमके काय आपले, हे सांगणारी वाक्ये) येतात. पुढे दर जादा पानाला 160 आणि दर जादा दाव्याला 320. तात्पुरत्या अर्जाने तारीख मिळते. तिथून 12 महिन्यांत पूर्ण तपशिलाचा अर्ज गेला नाही तर तो सोडून दिला असे धरतात, आणि ती आधीची तारीख मिळत नाही. परदेशात अर्ज करायचा असेल तर त्यालाही हेच 12 महिने.

चौथे, तपासणीची मागणी. ती आपोआप होत नाही, आणि इथेच सर्वाधिक अर्ज मरतात. पहिल्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत फॉर्म 18 भरायचा, व्यक्तीसाठी शुल्क 4,000. पूर्वी 48 महिने मिळत, 2024 च्या नियमांनी ते कमी केले. जुने लेख वाचून थांबू नका. अर्जदारांत स्त्री असेल, किंवा नोंदणीकृत स्टार्टअप असेल, तर फॉर्म 18अ भरून 8,000 रुपयांत लवकर तपासणी मागता येते. आक्षेपांचा अहवाल आला की उत्तराला सहा महिने मिळतात, मागितल्यास आणखी तीन.

मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण : सहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी 800, पुढे वाढत वाढत शेवटच्या पाच वर्षांत 8,000. एक हप्ता चुकला तर दंड भरून सहा महिन्यांत वाचवता येतो.

सरकारी शुल्क परवडते. महाग पडतो तो मसुदा लिहिणारा पेटंट एजंट, आणि तिथे काटकसर करू नका. दावे ढिसाळ लिहिले तर पेटंट मिळूनही शेजारी एक स्क्रू बदलून तेच यंत्र विकेल. पूर्ण अर्जाचा मसुदा देण्याआधी मुलाला यंत्राची चित्रे काढायला, प्रत्येक भागाला क्रमांक द्यायला आणि एका हंगामाची मोजमापे तारखेसह वहीत लिहायला सांगा. एप्रिल-मेचा हंगाम हातचा गेला तर पुढच्या आंब्यापर्यंत पुरावा मिळणार नाही, आणि तात्पुरत्या अर्जाचे 12 महिने मात्र चालूच राहतील. म्हणून तात्पुरता अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये, पेट्या भरायला लागण्याच्या तोंडावर करा.